शर्यत थांबवायचा अधिकार

शर्यतीच्या दिवशी सकाळी गाड्यांची पहिली रांग लागते ती आमच्या टेबलासमोर. शिवाजी उद्यमनगरात माझं लेथ आणि रिबोअरिंगचं वर्कशॉप आहे, आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातल्या डर्ट ट्रॅक आणि सुपरक्रॉस स्पर्धांत मी बरीच वर्षं स्क्रुटिनीचं, म्हणजे गाड्या तपासायचं काम करत आलो आहे. ॲक्सिलरेटर पिळून सोडला की झटक्यात मागं येतो का, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर केबल ताणली जात नाही ना, किल स्विच दाबला की इंजिन तिथल्या तिथं बंद पडतं ना, आरसे, साइड स्टँड, काचेचा दिवा उतरवलाय ना, हेल्मेटचं बक्कल आणि आतला थर्माकोल धड आहे ना. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरच्या टोकाला एक गोळी असते. ती तुटलेली असली तर पोरं म्हणतात, "काका, एवढ्यानं काय होतंय?" गोळी नसलेली लिव्हर पडताना पोटात घुसते, म्हणून ती बदलून आणल्याशिवाय मी गाडीवर स्टिकर लावत नाही. आणि स्टिकर नसेल तर गाडी स्टार्ट गेटवर उभी राहू शकत नाही.

शर्यत संपली की दुसरं काम. हरलेल्यानं ठरलेली फी भरून लेखी तक्रार केली तर जिंकलेल्याचं इंजिन उघडायचं. टू-स्ट्रोकच्या काळात हे फार चालायचं. यामाहाच्या आरएक्स १००चं बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५०, म्हणजे ९८ सीसी. तिच्याच घराण्यातल्या आरएक्स १३५चा स्ट्रोक तोच, बोअर मात्र ५८, म्हणजे १३२ सीसी. बाहेरून बघणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. हेड उतरवायचं, सिलिंडर पुसायचा, व्हर्नियर लावायचा आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. भोवती रायडर, त्याचा बाप, त्याचा मेकॅनिक, विरुद्ध पार्टी असे सगळे दाटीनं उभे असतात. आकडा वाचल्यावर कुणी वाद घातलेला मला आठवत नाही. निकाल कुणाच्याही विरोधात गेला तरी माणसं तो मानतात, कारण मोजमाप त्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं असतं.

या कामानं मला एक गोष्ट शिकवली, आणि तीच इथं सांगायची आहे. मोटरसायकलस्वारांच्या संघटनेत अध्यक्ष कोण, हा प्रश्न लोक पहिला विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. शर्यत थांबवायचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो थांबवायच्या आधी कुणाच्या तोंडाकडे बघतो?

आमच्या क्लबाचे अध्यक्ष फार वर्षं एकच होते. सगळे त्यांना दादा म्हणत. हे सांगताना त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदराशिवाय दुसरं काही नाही. कोल्हापुरात ट्रॅक म्हणजे काय, तर भाड्यानं घेतलेलं मैदान, त्यावर डंपरनं ओतलेला मुरूम, जेसीबीवाल्याला समोर उभं राहून सांगत सांगत उभ्या केलेल्या उड्या, आणि धूळ बसावी म्हणून पहाटे फिरवलेला पाण्याचा टँकर. हे सगळं दादा एका फोनवर जमवायचे. पोलिसांची परवानगी, तहसीलदार कचेरी, ॲम्ब्युलन्स, बक्षिसांचे प्रायोजक, चौकातले फ्लेक्स, सगळं त्यांच्या शब्दावर. गॅरेजात काम करणाऱ्या कितीतरी पोरांची एंट्री फी त्यांनी गुपचूप भरली. मुंबई-पुण्याच्या रायडरांकडे दोन-दोन गाड्या आणि वेगळा मेकॅनिक असायचा. आमची पोरं ज्या गाडीवर दूध घालायची तिचेच मडगार्ड काढून शर्यतीत उतरायची. त्यांना मैदान मिळालं ते दादांमुळं.

अशा माणसाच्या हाताखाली अडचण तयार होते ती दिसायला वेळ लागतो.

एका स्पर्धेत दुपारच्या हीटमध्ये एका पोराचं कॉलरबोन मोडलं आणि त्याला घेऊन ॲम्ब्युलन्स शहरात गेली. ॲम्ब्युलन्स मैदानात उभी असल्याशिवाय शर्यत सुरू करायची नाही, हा या खेळातला प्राथमिक नियम आहे. फायनल बाकी होती. पाहुणे स्टेजवर येऊन बसले होते, ऊन कलायला लागलं होतं, लोक कठड्यावर चढून ओरडत होते. समितीतले एक जण क्लार्क ऑफ द कोर्सकडे आले. हा शर्यतीचा मुख्य अधिकारी, सुरू करायचा आणि थांबवायचा शब्द त्याचा. "अवो, धा मिन्टाचा तर प्रश्न हाय. येतीय की ती परत. सुरू करा." आमचा क्लार्क हाडाचा माणूस, जुना रायडर. पण त्यानं वळून स्टेजकडे पाहिलं. दादा पाहुण्यांशी बोलत होते, त्यांचं लक्षही नव्हतं. ते पाहणं मी टेबलामागून बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या क्षणी शर्यत थांबवायचा अधिकार आपोआप स्टेजवर गेला होता, आणि स्टेजवर बसलेल्या कुणालाही ते माहीत नव्हतं.

क्लार्कनं शर्यत सुरू केली नाही. ॲम्ब्युलन्स परत येईपर्यंत निम्मी गर्दी पांगली, फायनल अंधारून आल्यावर झाली. संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर बरीच बोलाबोली झाली. दादा स्वतः म्हणाले, "बरोबर केलंस तू. पुढच्या बारीला दोन ॲम्ब्युलन्स ठेवूया." तरीही पुढच्या स्पर्धेला क्लार्क म्हणून दुसऱ्याला बोलावलं गेलं. कुणी ठरवलं, कुठल्या बैठकीत, याची नोंद नाही. दादांना विचारलं तर त्यांनाही सांगता आलं नाही. त्यांना आवडेल असं समजून कुणीतरी परस्पर ते करून टाकलं होतं. एका माणसाच्या शब्दावर सगळं चालायला लागलं की त्यानं न उच्चारलेले शब्दही लोक पाळायला लागतात. तो माणूस कितीही चांगला असला तरी हे टळत नाही, आणि चांगला असला तर त्याविरुद्ध बोलणं जास्त जड जातं.

मोठ्या पातळीवर या धोक्याची जाणीव जुनी आहे. मोटरसायकल खेळाची जागतिक संघटना, एफआयएम, १९०४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. आपल्याकडची राष्ट्रीय संघटना, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, १९७१ची. मोठ्या स्पर्धांच्या नियमांत स्टुअर्ड नावाचं एक पद असतं. तक्रारींचा, शिक्षेचा निकाल त्याच्याकडे, आणि आयोजनाच्या पैशाशी, तिकिटांशी, प्रायोजकांशी त्याचा संबंध नसावा अशी अपेक्षा. हे पद कुणीतरी अनुभवातून निर्माण केलं असणार. जो पैसा जमवतो त्यानंच सुरक्षेचा निर्णय द्यायचा ठरवलं, तर कधीतरी एखाद्या संध्याकाळी तो निर्णय चुकीचा जाणार, हे त्यांना कळलं असणार. लहान गावांतल्या क्लबांत मात्र माणसं मोजकी. तोच खजिनदार, तोच मार्शलांचा प्रमुख, तोच जेवणाच्या पाकिटांचा हिशेब बघणारा.

अमेरिकेतली मोटरसायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना, अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन, १९२४ साली निघाली ती उत्पादक आणि व्यापाऱ्यांच्या संघटनेतून. तिच्या जुन्या इतिहासात कृष्णवर्णीय स्वारांना सभासदत्व नाकारल्याची नोंद आहे, ते १९५०च्या दशकापर्यंत. तिच्या संचालक मंडळात साध्या सभासदांच्या मतांनी भरलेल्या जागाही असतात आणि उद्योगाकडून आलेल्याही. मला ही रचना प्रामाणिक वाटते. कारखान्यांचा पैसा हवा आहे हे ती लपवत नाही, पण गाडीवर बसणाऱ्याचं मत वेगळं मोजायला हवं हेही ती मान्य करते. आपल्याकडे राष्ट्रीय संघटना क्लबांची आहे. रायडरच्या खिशात लायसन्स असतं, मत असतं ते क्लबाचं. म्हणून रायडरचा आवाज वर जायचा असेल तर तो आधी क्लबात ऐकू यायला हवा, आणि सुधारणा खालून, आमच्यासारख्यांच्या मुरमाच्या मैदानापासूनच करावी लागते.

कोल्हापूरच्या माणसाला संस्था म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. दूध संस्था, सोसायटी, पतसंस्था, तालीम मंडळ, प्रत्येक घरातला कुणी ना कुणी कुठं तरी सभासद असतोच. त्यातून एक वाईट सवयही लागलेली आहे. वार्षिक सभेत विषय वाचायच्या आधी पुढच्या रांगेतनं "मंजूर, मंजूर" असा गजर होतो आणि अहवाल कुणी उघडायच्या आत सभा संपते. आमच्या क्लबाची सभाही तशीच व्हायची. वडापाव, चहा, मंजूर.

आणि याच शहरात कुस्तीही आहे. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, ही गोष्ट आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. आपण ती अभिमानानं सांगतो आणि सांगायलाही हवी. पण खेळाडूला पाठवायचं काम ज्यांचं, ते करत नाहीत तेव्हा एखाद्या भल्या माणसाला घर गहाण टाकावं लागतं, हाही त्याच गोष्टीचा भाग आहे. २०२३ साली महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, पुढं ऑगस्टमध्ये निवडणूक वेळेत झाली नाही म्हणून जागतिक संघटनेनं भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केलं. तेव्हा उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीवरही तीच चर्चा होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच दारात दाद मागायची, हे किती दिवस चालायचं?

त्याच महिन्यात, ५ ऑगस्ट २०२३ला, चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा श्रेयस हरीश गेला. तेरा वर्षांचा होता. ती बातमी आली त्या दिवशी मी वर्कशॉप लवकर बंद केलं. लहान वयातल्या मृत्यूंनंतर एफआयएमनं २०२१च्या शेवटी वयोमर्यादा वाढवायचं ठरवलं होतं, ग्रां प्रीसाठी २०२३पासून अठरा वर्षं. अशा नियमांवर टेबलाभोवती चर्चा होते तेव्हा तिथं कोण बसलेलं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून त्यानंतर गेलेला नाही. टायर विकणारा असतो, गाडी विकणारा असतो, क्लब चालवणारा असतो. पडलेल्या पोराला उचलायला पहिला धावणारा मार्शल असतो का?

आमच्या क्लबात बदलाची सुरुवात एका मुलीनं केली. ती आधी स्वतः शर्यतीत उतरायची, नंतर मार्शल झाली, आणि व्यवसायानं वकील. २०११च्या राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेतली कलमं ती सभेत घेऊन आली. अध्यक्षाला जास्तीत जास्त बारा वर्षं, सचिव आणि खजिनदाराला सलग दोन कार्यकाळ आणि मग विश्रांती, वयाची मर्यादा सत्तर. समितीतले एक जण म्हणाले, "ते राष्ट्रीय फेडरेशनला. आपल्याला कुठं लागू होतंय?" ती म्हणाली, "लागू होत नाही. म्हणूनच आपण आपलं करूया." सभेत पहिल्यांदाच कुणी मंजूर ओरडलं नाही.

घटना बदलायचं काम कंटाळवाणं असतं आणि ते कुणीतरी मनापासून करावं लागतं. प्रत्येक कलम वाचून दाखवायचं, हात वर करून न घेता चिठ्ठ्यांनी मत घ्यायचं, नवे पदाधिकारी आले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. कार्यकाळाचं कलम आम्ही पटकन उरकलं, त्यात मतभेद फारसे नव्हते. खरी ओढाताण झाली ती मी मांडलेल्या कलमावर. क्लार्क ऑफ द कोर्स, स्क्रुटिनीचा प्रमुख आणि मैदानावरचा डॉक्टर यांची नावं समितीनं ठरवायची नाहीत. ती रायडर, मार्शल आणि जुने अधिकारी अशा तिघांच्या गटानं ठरवायची, आणि त्या गटातल्या कुणाकडेही प्रायोजक किंवा तिकिटांचं काम नसावं. एकदा नेमलं की स्पर्धा संपेपर्यंत त्यांना कुणी हटवू शकत नाही. त्यांनी गाडी नाकारली, शर्यत थांबवली किंवा उशिरा सुरू केली तर कारण एका वहीत लिहायचं, आणि ती वही सभेत सगळ्यांसमोर ठेवायची. पुढच्या वेळी त्यांना बोलावलं नाही, तर त्याचंही कारण त्याच वहीत.

याला विरोध करणारे वाईट लोक नव्हते. प्रायोजक आणणाऱ्यानं सरळ सांगितलं, "मी लोकांकडे पदर पसरायचा आणि मैदानावर मला शब्द नाही?" त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पैसा आणणं हे कमीपणाचं काम नाही, आणि त्याशिवाय मुरमाचा एक डंपरही येत नाही. त्याच्यासाठी आम्ही वेळापत्रक ठरवताना त्याचं मत बंधनकारक केलं, म्हणजे पाहुण्यांना कधी बोलवायचं हे आधीच नीट ठरेल. पण गाडी तपासणं आणि शर्यत थांबवणं यात त्याचा शब्द नाही, हे राहिलं. शेवटी दादा उभे राहिले. ठरावाच्या बाजूनं बोलले आणि त्याच सभेत पद सोडलं.

पुढचा हंगाम जड गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. नव्या अध्यक्षांना टँकरवाल्याचा नंबर माहीत नव्हता. एका प्रायोजकानं पाठ फिरवली. परवानगीचा अर्ज कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जातो, हे दादांच्या डोक्यात होतं, कागदावर कुठंच नव्हतं. कार्यकाळाची मर्यादा घालणारे कायदे या बाजूकडे पुरेसं बघत नाहीत असं मला वाटतं. माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर संस्थेची निम्मी स्मृती जाते, आणि मग नवे लोक चाचपडायला लागले की जुन्यालाच परत आणा म्हणून ओरड सुरू होते. दादा मात्र स्वतःहून माझ्या वर्कशॉपात यायला लागले. लेथ चालू असताना स्टुलावर बसून ते सांगायचे आणि माझा पोरगा लॅपटॉपवर टिपून घ्यायचा. मुरूम कुठल्या खाणीचा घ्यायचा, कुठल्या मुरमात दगड जास्त येतात, उडीच्या पुढचा उतार किती ठेवला की गाडी सपाट आदळत नाही, पावसाळ्यानंतर मैदान किती दिवस वाळू द्यायचं, परवानगीला किती आधी जायचं, कुणाला आधी भेटायचं. तालमीतला वस्ताद डाव शिकवून पोरगं मैदानात सोडतो, तसं ते होतं. त्या टिपणाची आता छापील पुस्तिका झाली आहे आणि प्रत्येक नव्या समितीला ती पहिल्या बैठकीत मिळते.

मैदानावर काय बदललं? सगळ्यात आधी तक्रारी वाढल्या. पूर्वी रायडर माझ्याशी भांडायचे ते कुजबुजत, आता लिहून देतात. वहीत माझ्या एका निर्णयाविरुद्ध पानभर मजकूर आहे, एका परगावच्या रायडरनं लिहिलेला. चेन गार्डच्या मापावरून मी त्याची गाडी थांबवली होती. त्याचं म्हणणं सभेत वाचलं गेलं, आम्ही नियमाचा मजकूर अधिक स्पष्ट केला, आणि आता तो मजकूर एंट्री फॉर्मवरच छापलेला असतो. महिला मार्शल वाढल्या. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत, त्यात किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू हवेत, निवडणुकांवर वेगळी देखरेख, वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण, असं त्यात आहे. आमची वकील मार्शल तो वाचून म्हणाली, चार बायका बसवतील, पण कुठल्या कामावर बसवतात ते बघायचं. मला तिचं पटतं. तिला आम्ही सत्काराच्या समितीत घेतलं असतं तर आमची संख्या भरली असती. ती आता क्लार्क ऑफ द कोर्स आहे. गेल्या हंगामात पाऊस आला आणि उडीवरचा मुरूम घसरायला लागला तेव्हा तिनं हीट मध्येच थांबवली. स्टेजवर मोठी माणसं बसलेली होती. तिनं तिकडे पाहिलं नाही, लाल झेंडा वर केला आणि वहीत वेळ लिहिली.

सध्या एक नवा वाद उभा आहे. रायडरांच्या प्रतिनिधीनं पुढच्या सभेसाठी लेखी ठराव दिला आहे की आमच्या सरावाच्या दिवशी मुलांसाठी ठेवलेली किमान वयाची अट खाली आणावी. त्याचं म्हणणं असं, की पोरं तशीही शेतातल्या रस्त्यावर बापाची गाडी पळवतातच. त्यापेक्षा हेल्मेट घालून, मार्शलांच्या डोळ्यासमोर शिकलेली बरी. मुद्दा वजनदार आहे आणि त्याच्या बाजूनं मतं पडतील असं दिसतंय. मी विरोधात मत देणार आहे. ज्या पोराचे पाय गाडीवर बसून जमिनीला टेकत नाहीत आणि ज्याची बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत नीट पोचत नाहीत, त्याच्यासाठी गाडी आधी छोटी हवी, मैदान नंतर. तसल्या छोट्या गाड्या आमच्याकडे नाहीत आणि त्या घ्यायला निधीही अजून नाही. ही कारणं मी दोन पानं लिहून सचिवांकडे दिली आहेत. शेवटी हेही लिहिलं आहे की ठराव मंजूर झाला तर त्या मुलांच्या गाड्यांची स्क्रुटिनी मीच करेन.